सिस्टर क्लाराचे कानोले

सुमन, काटोलच्या स्टँडवर मी तुला सोडलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस. एसटीच्या टपावर संत्र्याच्या पेट्या चढत होत्या आणि कंडक्टर हमालांवर खेकसत होता. तू मोठ्या आईच्या कडेवर होतीस. तुला वाटतं, तुला ते आठवतं. तुला काही आठवत नाही, तुला मोठ्या आईनं सांगितलेलं आठवतं. मला आठवतं. गाडी सुरू झाली तेव्हा तू रडत नव्हतीस. तू पेट्या मोजत होतीस, एक, दोन, तीन, पाच. चार तुला येत नव्हता.

रडणं सकाळी घरीच झालं होतं. निघताना मोठ्या आईनं, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, उंबऱ्यातच माझ्या हातावर कानोला ठेवला. आपल्याकडची रीतच आहे. घरातलं माणूस दूर निघालं की त्याला मुरड घातलेला कानोला खाऊ घालायचा. साध्या कानोल्याची कड कातण्यानं कापली की झालं. याची कड बोटांच्या चिमटीत दुमडत, दुमडत दोरीसारखी वळायची. ती मुरड पोटात गेली की माणूस फिरून घरी येतं, असं आपल्या बाया मानतात. महालक्ष्म्यांना निरोप देतानाही पानात तोच असतो. जाऊबाईंनी पहाटे उठून माझ्यासाठी तेवढा एकच केला होता. आणि मी काय करावं? तू गळा काढला म्हणून त्यातला अर्धा तुझ्या तोंडात घातला.

तुझी आजी ओसरीवरून ओरडली, "अवं, अर्धा देत नाई कोनाले! ज्यानं जायचं त्यानंच पुरा खावा लागते."

तोवर तू गिळूनही टाकला होतास. मी म्हटलं, "जाऊ द्या मामीजी, सहा महिन्यांत तर नेतेच आहे तिले." मी तेव्हा असल्या रीतींना हसत असे. माहेरून सातवी पास होऊन आले होते ना, शहाणपणाचं कंत्राट घेतल्यासारखी वागायची.

मी का गेले, हे तुला कोणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगते. तुझ्या बाबाला विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागला तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. घरात मला कोणी हिडीसफिडीस केलं नाही. खोटं कशाला बोलू? तुझी आजी कडक होती, पण माझ्या ताटात तिनं कधी शिळं वाढलं नाही. फक्त माझं पुढचं सगळं आयुष्य त्या घरानं ठरवून टाकलं होतं. दिवसा वावर, सांजेला चूल, आणि तोंड उघडायचं ते जांभई द्यायला. तुझं तेच होणार, हेही दिसत होतं. आपल्या गावात शाळा चौथीपर्यंत. त्याच्या पुढं शिकलेली पोरगी गावात एक नव्हती. काटोलच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं की नागपुरात मिशनच्या मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला बाई पाहिजे, राहणंखाणं तिथंच. अट एकच. सोबत लेकरू चालणार नाही.

मी म्हटलं, आधी पाय रोवते, मग पोरीला नेते. मला एकच गोष्ट पाहिजे होती. तू माझ्याजवळ राहून शाळेत जावं. त्या एका गोष्टीसाठी मी तुला सोडलं. आता लिहिताना मलाच ते वेड्याचं बोलणं वाटतं.

हॉस्टेल म्हणजे पहिले दोन महिने मला जेलच वाटलं. बेल वाजली की उठायचं, बेल वाजली की मेस, बेल वाजली की प्रेयर. प्रेयरला मला कोणी ओढलं नाही. पण त्या मेसमध्ये अंडं शिजायचं, मटण शिजायचं, आणि मी गळ्यात माळ असलेल्या सासूची सून. आपल्या घरी अंड्याचं टरफल अंगणात दिसलं तर आजी दिवसभर पाणी पीत नसे. मी दुसऱ्यांचं सगळं रांधायची, नाकाला पदर लावून, आणि मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर माझी भाकर टाकायची. बाकीच्या बाया हसायच्या. "विमलबाई मटण शिजवते आणि वासाचा उपास धरते," म्हणायच्या.

किचन सिस्टर क्लाराच्या हाती होतं. इटलीची म्हातारी, गोरी, हाडकुळी, हातावर भट्टीच्या भाजल्याचे डाग. लढाईच्या आधी बोटीतून आली ती परत गेलीच नाही. मराठी तिला समजायची, बोलायची मात्र बाजारातली हिंदी, तीही पुरुषासारखी. "मैं आता, मैं जाता." कोणी हसलं की तीही हसायची. कणीक मळताना तिला बोललेलं चालत नसे. एवढी एक गोष्ट सोडली तर तिला राग आलेला मी पाहिला नाही.

वर्षातून दोनदा, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी लागायची त्या दिवशी, ती एक पदार्थ करायची. नाव काल्झोने. त्यांच्या भाषेत म्हणे पायजम्याचा पाय. आता खायच्या वस्तूला हे काय नाव! आम्ही किचनमधल्या बाया त्याला सिस्टरचा कानोलाच म्हणायचो, कारण होताच तो कानोला, फक्त मोठा, हातभर, आणि तळायच्या ऐवजी भट्टीत भाजलेला. तिच्याजवळ चिनीमातीच्या बरणीत खमीर असायचं, जुन्या पिठाचं, रोज थोडं काढायचं आणि रोज मूठभर मैदा घालून जिवंत ठेवायचं. आदल्या दिवशी मैद्यात ते खमीर, मीठ, थोडं तेल घालून तासभर मळायचं. कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ झाली पाहिजे, असं तिचं माप. ओलं फडकं टाकून ठेवली की सकाळपर्यंत ती दुप्पट फुगलेली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भ्यालेच. बोट खुपसलं तर पीठ उसासा टाकल्यासारखं खाली बसलं.

मग डायनिंग हॉलच्या लांब टेबलावर पातेली मांडायची. उकडलेले आलू, परतलेली पत्ताकोबी, अंडी, बकऱ्याचा खिमा, आणि दूध फाटवून केलेलं पनीर, कारण त्यांचं चीज इथं कुठं मिळणार. प्रत्येक मुलीनं यायचं, आपल्याला पाहिजे ते भरायचं. पोळी लाटायची, अर्ध्या भागावर सारण, कडेला पाणी, वरून अर्धी दुमडायची आणि कड काट्यानं दाबायची. वाफ जायला मधे दोन टोचे. ज्यानं त्यानं आपली खूण करायची, कोणी चिमणी, कोणी नुसती फुली. दुपारी गाड्या पकडायला निघताना प्रत्येकीच्या हातात कागदात गुंडाळलेला आपापला कानोला.

पहिल्या दिवाळीला मी कोपऱ्यात उभी राहून लाटून देत होते. सगळ्यांचं झाल्यावर सिस्टरनं माझ्यापुढं एक गोळा ठेवला. "विमला, तेरे में क्या भरेगा?"

अगं, मला काही सुचेचना. लग्नाआधी नाही, लग्नानंतर नाही, कोणी मला विचारलंच नव्हतं की तुला काय पाहिजे. जे उरलं ते आपलं, हीच सवय. मी बावळटासारखी रडायला लागले. सिस्टर लाटणं पुसत उभी राहिली. मग मी नाक पुसलं आणि म्हटलं, सांबार. मागच्या वाफ्यातून कोथिंबिरीची जुडी आणली, बारीक चिरली, त्यात खसखस, किसलेलं खोबरं, तिखट, थोडी साखर, लिंबू. आपल्या पुडाच्या वडीत घालतो तेच. वरून अंड्याच्या ऐवजी दुधाचा हात. आणि कड दाबायला काटा घेतला, तर हात थांबला. तो मी माझ्यासाठी करत नव्हते, तुझ्यासाठी करत होते. मी बोटांनी मुरड घातली. ती माझी खूण झाली. त्या पन्नाससाठ कानोल्यांत मुरडीचा तेवढा एक.

तुला तो आवडला, हे तरी आठवतं ना तुला? मोठ्या आईनं वास घेतला, आजीनं "याच्यात अंडं तर नाई ना वं?" म्हणून तीन वेळा विचारलं, आणि तू पुरा खाऊन हात चाटत म्हणालीस, "आई, पुढच्या खेपी आलू घालजो." पुढच्या खेपी आलू. त्याच्या पुढच्या खेपी वांगं, तेव्हा मात्र सिस्टरनं कपाळाला हात लावला. तू खात असताना मी समोर बसायची. तेवढा वेळ तू माझ्याजवळ असायचीस. संपलं की मोठ्या आईकडे पळायचीस. तिला लेकरू नव्हतं, तिनं तुला जिवापाड सांभाळलं. मी तिच्यावर जळले, फार जळले. आणि तिचे पायही धरावेसे वाटायचे. दोन्ही एकाच वेळी वाटायचं.

सहा महिन्यांची पाच वर्षं झाली. एकट्या विधवेला खोली कोण देतो? दार उघडलं की आधी माझ्या मागं नवरा शोधायचे. शेवटी वाडीला, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागं एक खोली मिळाली. दिवसभर ट्रकांची घरघर, डिझेलचा वास, भिंतीला ओल. मला तो महाल वाटला. सिस्टर क्लारानं मिशनच्या शाळेत तुझी पाचवीची जागा बोलून ठेवली. मी एक लहान बाज घेतली, निळ्या पट्ट्यांची. तुझी चौथी झाली होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावी जायचं, आजीपुढं पदर पसरायचा आणि तुला घेऊन यायचं. आजी मनातून तयार झाली होती, तसा निरोपही होता. एवढं जवळ आलं होतं सगळं.

त्या वर्षी हॉस्टेलात मार्था नावाची पोरगी होती, चौदा वर्षांची. आई गेलेली, बाप दूर चांद्याकडे. ती माझ्या कोपऱ्यात आली आणि माझा हात बघत राहिली. "विमलबाई, तुम्ही ही कड अशी का वळता?" मी सांगितलं. तिनं आपला भरलेला कानोला माझ्यापुढं सरकवला. "मलाही घालून द्या ना. मला परत यायचंय. बाबा मला पुढं पाठवणार नाही म्हणतात."

नाही म्हणायला पाहिजे होतं. ती खूण माझी होती. पण आई नसलेल्या पोरीला नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगू, तू येणार या आनंदात मी हवेत होते. त्या दिवशी मला कोणी किडनी मागितली असती तरी दिली असती. मी तिच्याही कानोल्याला मुरड घातली. तिच्यात खिमा होता. तुझ्यात सांबार. दोन्ही माझ्याच हातचे, एकाच मापाचे, भट्टीतून एकाच रंगाचे निघाले. माझी काटोलची गाडी दीडची होती. दोन कागदात बांधले, एक मार्थाच्या हाती दिला, एक पिशवीत टाकला, आणि पळाले.

अंगणात तू हात धुऊन बसलीस. आजी ओसरीवर होती, मोठी आई चहा ठेवत होती. बोलणं चांगलं चाललं होतं. आजी म्हणत होती, "नेजो, पण दर सणाले आणत जाजो." तू अर्धा खाल्लास आणि म्हणालीस, "आई, हे काय घातलं वं? लय चांगलं लागून राहिलं. पुढच्या खेपी हेच आनजो."

मी वाकून पाहिलं. आत हिरवं काहीच नव्हतं. आजीनं माझं तोंड पाहिलं. उठून आली, तुझ्या हातातला तुकडा घेतला, फोडला, नाकाशी नेला.

"काय चारलं वं तू माह्या नातीले?"

इथं थांबून मी तुला सांगते, सुमन, की मला खोटं बोलता येत होतं. डाळीचा चुरा आहे, मसाल्यात घोटलेला. तिनं जन्मात खिमा पाहिला नव्हता, तिनं मानलं असतं. मानायचंच होतं तिला. ती माझ्याकडे बघत होती ते तसंच, की बोल बाई काहीतरी, मी गिळते. पण पाच वर्षं मी माझी वेगळी शेगडी मांडून त्या बाईची माळ सांभाळली होती. तिच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमलं नाही. मला वाटलं, खरं सांगितलं तर तिला माझी किंमत कळेल. केवढी मूर्ख मी!

मी म्हटलं, "मामीजी, खिमा होय. बकऱ्याचा. दुसऱ्या पोरीचा होता, चुकून आला. माह्या हातून चूक झाली."

पुढचं तुला आठवतं. ते कोणी सांगितलेलं नाही, ते तुझं स्वतःचं आहे. आजीनं तांब्याभर मिठाचं पाणी केलं. तुझं नाक दाबून तुला पाजलं. तू ओकलीस, परत पाजलं, परत ओकलीस. तू "आई, आई" ओरडत होतीस आणि मोठी आई धावून आली. तिला वाटलं तिलाच हाक मारतेस. कदाचित तिलाच मारत होतीस. मी मधे पडले तेव्हा आजीनं मला ढकललं. ती स्वतः रडत होती. तुला मारावं म्हणून तिनं ते केलं नाही, तुला वाचवावं म्हणूनच केलं. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच तर माझे हात चालले नाहीत. पण तू नऊ वर्षांची होतीस. तुला एवढंच कळलं की आईनं आणलेलं खाल्लं आणि हे असं झालं.

संध्याकाळपर्यंत गावात झालं की विमल किरिस्ताव झाली आणि पोरीला गाय चारली. बकऱ्याची गाय व्हायला एक दुपार पुरली. तुझे मोठे बाबा मला म्हणाले, "तू भेटाले ये, पाह्याले ये, आम्ही दार लावत नाई. पण पोरगी जात नाई." आजीनं माळेवर हात ठेवला होता.

मी दुसऱ्या दिवशी एकटी वाडीला आले. ती निळ्या पट्ट्यांची बाज उभी करून भिंतीला लावली. सिस्टर क्लाराला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. मळता मळता थांबली, हे मी एकदाच पाहिलं. मला वाटलं म्हणेल, देवावर भरोसा ठेव. तसं काही बोलली नाही. म्हणाली, "मेरा माँ भी रोटी बनाता था. पहले उसका मुँह याद था. बाद में आवाज. अब बस हाथ याद है." आणि परत मळायला लागली. मार्था जूनमध्ये आली, हे तुला सांगते. तिच्या बापानं पाठवलं तिला. मी तिच्याशी वर्षभर धड बोलले नाही. त्या पोरीचा काय दोष? पण माणूस असंच असतं, आपला हात पोळला की चुलीला शिव्या देतं.

दिवाळीला मी आले तेव्हा साधी सांबाराची पुडाची वडी आणली होती, घरच्या शेगडीवर केलेली, हॉस्टेलची हवासुद्धा न लागलेली. तू मोठ्या आईच्या पदराआडून म्हणालीस, "मले तुह्या हातचं नको."

त्यानंतर मी तुझ्यासाठी खायचं काही आणलं नाही. फ्रॉक आणले, पाट्या आणल्या, रिबिनी आणल्या. चौथीच्या पुढं शाळा नव्हतीच, तर पाट्या कशाला? पण आणल्या. वर्षं अशी गेली, बेलच्या आवाजावर. मेसमध्ये मी काल्झोने लाटत राहिले, पण मुरड पुन्हा घातली नाही. सगळ्यांची कड काट्यानं. सतरा वर्षांची झालीस तेव्हा तुझं लग्न झालं. मला पत्रिका आली, पाहुण्यासारखी. तुझा हात मोठ्या आईनं आणि मोठ्या बाबांनी दिला, आणि मी मांडवात मागच्या खांबापाशी उभी होते. तू सासरी निघालीस तेव्हा मोठ्या आईनं तुला कानोला खाऊ घातला. तू पुरा खाल्लास. मी नीट पाहिलं, एक तुकडाही कोणाला दिला नाहीस. बरं केलंस.

आणि नशिबाची तऱ्हा बघ. जावई निघाले गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानातले. ज्या नागपुरात तुला आणायला मी जन्म घालवला, तिथं तू आपली आपणच आलीस, माझ्याशिवाय. वाडीहून गांधीबाग म्हणजे एका बसचा रस्ता. सहा वर्षं त्या रस्त्यानं कोणी आलं नाही. मी दोनदा तुझ्या गल्लीपर्यंत आले होते. वर पाहिलं, तुझ्या गॅलरीत लहान फ्रॉक वाळत होते. तशीच परत फिरले.

सिस्टर क्लारा मागच्या हिवाळ्यात गेली. इथल्याच मातीत तिला ठेवलं. जायच्या आठ दिवस आधी तिनं खमिराची बरणी मला दिली आणि हिशोबाच्या बाईसारखं बजावलं, "रोज खाना देना. एक दिन भूला तो मर जाएगा." आता ती बरणी माझ्या खोलीत आहे. मी तिला रोज मूठभर मैदा घालते. खोलीत जिवंत म्हणावं असं मी आणि ती.

आणि परवा रविवारी तू आलीस. पिंकीचं बोट धरून, दारात उभी. मी ट्रकवाल्यांपैकी कोणी असेल म्हणून ओरडतच आले होते. तू आत येऊन बाजेच्या कडेवर बसलीस, त्याच निळ्या पट्ट्यांच्या, आणि म्हणालीस, "मोठी आई आजारी आहे. तिनं सांगतलं मले." मग म्हणालीस, "ती म्हणे, तुह्या मायनं खोटं बोललं असतं तं कोनाले समजलं नसतं."

त्या बाईनं चौदा वर्षं हे पोटात ठेवलं होतं. तिनं आधी सांगितलं असतं तर तू कदाचित माझ्याकडे आली असतीस, आणि तिच्याजवळ कोण राहिलं असतं? मी तिच्या जागी असते तर मीही गप्पच बसले असते.

मी पीठ काढलं. आदल्या रात्रीचं मळलेलं होतंच. ओव्हन नाही, पण मोठ्या पातेल्यात वाळू तापवून मी त्यात भाजते, छान होतं. पिंकीला विचारलं, "तुह्यात काय भरू वं?" ती म्हणाली, "आलू." चार वर्षांची आहे. तुला तेव्हा चार म्हणता येत नव्हतं, हिला शंभरपर्यंत येतं.

मी तिघींचे केले आणि जावयांसाठी एक. गरम गरम तुझ्या ताटलीत वाढला. आणि तू तो उचलून खाल्ला नाहीस. आधी मधोमध फोडलास. आत पाहिलंस. बोटानं सारण उलटंपालटं केलंस, वास घेतलास, अगदी आजीसारखा. मग पिंकीचा घेऊन तोही फोडलास. मग तिला दिलास. तुला वाटलं मी चुलीकडे बघत होते.

मला वाईट वाटलं. लागलंच मला, सुमन, साफ सांगते. नंतर म्हटलं, पाहील नाही तर काय करील? पोरीची आई आहे. तू अर्धा खाल्लास. चांगला झाला असंही म्हणालीस.

निघताना दारात तू डबा उघडलास, जावयांचा कानोला वर काढून त्याच्या कडेवरून बोट फिरवलंस. काट्याचे टोचे होते सरळ, एकाशेजारी एक. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "याले मुरड काहून नाही घातली वं आई?"

मी म्हटलं, "पीठ सैल झालं होतं." तू बरं म्हणालीस आणि गेलीस. बस लगेच मिळाली असेल, रविवारी गर्दी नसते.

पीठ सैल नव्हतं. मी एकदा खरं बोलले आणि तू गेलीस, तेव्हापासून मी बारीकसारीक खोटं बोलायला शिकले आहे. कोणी विचारलं की लेक कुठं असते, तर म्हणते, येते ना दर सणाला. पण तुला नाही सांगायचं खोटं. खरं हे आहे की मी भ्याले. एकदा अर्धा कानोला खाल्ला आणि अर्धीच परत आले. एकदा दोघींना मुरड घातली, तर दुसरी परत आली आणि माझी राहिली. माझ्या हातच्या मुरडीचं मलाच भेव वाटते, सुमे. आणि वाटलं, तुला बांधून ठेवणारी मी कोण?

हॉस्टेलातल्या बाया अजून विचारतात, विमलबाई, गावी कधी जाता? गावचं घर आता मोठ्या बाबांचं, हॉस्टेल सिस्टर लोकांचं, ही खोली मालकाची. मी घर म्हणते ते तुझ्या त्या एका प्रश्नाला. तू कड पाहिलीस. तू शोधत होतीस.

काल रात्री पुन्हा पीठ मळलं, आज सकाळी करायला बसले. पहिल्या दोन मुरडी तुटल्या, बोटं विसरली होती. तिसरी बसली. शेजारचे ड्रायव्हर भाऊ कापडाच्या गाठी घेऊन गांधीबागेत चालले आहेत, त्यांच्या हाती हे पत्र आणि डबा पाठवते. एकच आहे, तुझा. सांबाराचा. अर्धा कोणाला देऊ नको, पिंकीलाही नको.

आधी फोडून पाहा. मग खा.